हिरव्या कागदाचे देठ

“नाव घेऊन हाक मारायची नाही. अंगाला हात लावायचा नाही. नुसतं बघा, आणि तुमची पोर दाखवा. एकदाच.”

मिशनच्या अनाथालयातल्या अन्नपूर्णाबाईंनी फाटकातच बजावलेलं सोजराबाईच्या कानात घुमत होतं. समोर ओसरीवर चौदा मुली बसल्या होत्या. सगळ्यांचे केस उवांपायी बारीक कापलेले. सगळ्यांचे परकर एकाच ताग्यातले. रविवारी ईस्टर होता, त्यांचा देव थडग्यातून उठला तो दिवस. त्यासाठी मुली कागदाची पांढरी फुलं करत होत्या. कागद कातरायचा, पाकळ्या काडीवर गुंडाळून त्यांना बाक द्यायचा, हिरवी पट्टी पिळून देठ करायचा, खळीनं चिकटवायचं. माना खाली होत्या. त्यांनाही ताकीद होती, की बोलायचं नाही आणि खुणावायचंही नाही.

रीत कठोर होती, पण उगीच नव्हती. मागल्या साली एक माणूस भाची म्हणून दुसऱ्याचीच लेक घेऊन गेला होता. ती पुढं कुठं गेली ते कोणाला कळलं नाही.

पाच वर्षांपूर्वी, मोठ्या दुष्काळात, सोजराबाईनंच भावाची सुभी इथं आणून सोडली होती. भाऊ-भावजय एकाच आठवड्यात पटकीनं गेले. विधवा सोजराबाईच्या घरात दाणा नव्हता, आणि पोर होती पाच वर्षांची. मधल्या काळात वऱ्हाडाचा कारभार नागपूरला जोडला गेला. त्यानं सोजराबाईच्या घरात काही फरक पडला नाही. फरक पडला तो दोन चांगल्या पावसांनी. आता कणगीत जवारी होती. अमडापुराहून दोन दिवस चालत ती आली होती. वाटभर देवाचं नाव घेत तिनं पोरीचं तोंड आठवून पाहिलं. आठवलं ते पाच वर्षांचं तोंड. ते इथं कोणाचंच नव्हतं.

ती एकदा ओळीपुढून गेली. मग पुन्हा गेली. ओळीतल्या दुसऱ्या पोरीचं नाक थेट भावासारखं. सहावीच्या कपाळावर वण होता. पण सुभीला वण होता का? आठवेना.

“ओळखू येत नाही का?” अन्नपूर्णाबाईंनी हळूच विचारलं.

“थांबा वो बाई. डोयात पानी येऊन राह्यलं, म्हून दिसत नाही.”

“रडायला बंदी नाही. पण दाखवाल ती डोळे पुसून दाखवा. चुकलात, तर हे फाटक पुन्हा उघडणार नाही.”

सोजराबाईनं पदरानं डोळे पुसले. नाक भावाचंच होतं. तिचा हात त्या दुसऱ्या पोरीकडं अर्धा उचललाही गेला.

तेवढ्यात ओळीच्या टोकाला काहीतरी हललं. तिथली पोर फुलं करतच नव्हती. ती नुसते देठ वळत होती. बाकीच्या मुली पट्टी चिमटीत पिळत. हिनं पाय पुढं पसरून, नडगीवर पट्टी ठेवून तळहातानं वळायला घेतलं होतं. आणि वळताना उजव्या हाताचं पहिलं बोट तिनं ताठ, वर धरलं होतं. बोट धड होतं. आताच तर तिनं ते वाकवून कान खाजवला होता.

सोजराबाईनं स्वतःच्या हाताकडं पाहिलं. विळ्यानं शीर तुटल्यापासून तिचं ते बोट वाकत नव्हतं. रोज सकाळी देवापुढं एकवीस वाती वळायचा तिचा नेम. ते बोट हवेत धरूनच ती वळायची. शेजारी बसून चिमुकली सुभीही कापूस घ्यायची, आणि बोट वर करायची. “अवो, तुह्यं बोट तं धड हाये ना!” म्हणून किती सांगितलं. पण पोरीला वाटायचं, वात अशीच वळतात.

“हे,” सोजराबाई म्हणाली. “हे माही पोरगी.”

अन्नपूर्णाबाईंनी इतका वेळ धरलेला श्वास सोडला. “हीच.”

सोजराबाई पोरीपुढं येऊन बसली. आता अंगाला हात लावायला बंदी नव्हती. तिनं पोरीचं कातरलेलं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

अन्नपूर्णाबाईंची नजर पोरीच्या ओच्यात गेली. वातीसारखे बारीक तीस-चाळीस देठ. फूल एकही नाही. “अगं, तू तर अकरा फुलं कबूल केली होतीस! हे काय, नुसते देठच?”

“बोलायचं नाही, खुणावायचं नाही, असं तुम्हीच सांगितलं होतं, बाई,” पोर मिशनच्या शुद्ध भाषेत म्हणाली. मग ती सोजराबाईकडं वळली, आणि पाच वर्षांत न बोललेली बोली तिच्या तोंडून आपसूक आली. “आत्या, म्या तुले फाटकातच वळखलं. त्या बोटानं तू पदर सारला ना, तवाच. किती वाती वळल्या वो! अन् तू आपली तिचं नाक पाहून राह्यली!”

अन्नपूर्णाबाईंनी तोंडाला पदर लावला.

सोजराबाई हसत, रडत गाठोडं उचलू लागली. ऊन चढायच्या आत निघायला हवं होतं. पण सुभी उठली नाही. तिनं खळीची वाटी जवळ ओढली आणि अकरांतल्या पहिल्या फुलासाठी पांढरा कागद कातरायला घेतला.