अकरा वळणांचा उतार

वाटाड्याने शेडचं दार ढकललं तेव्हा तो गृहस्थ बायकोच्या सायकलपाशी उकिडवा बसला होता. हातात पाना, बोटं काळी. दार वाजलं तसा तो दचकून उठला आणि मुठीतलं काहीतरी त्याने चटकन जॅकेटच्या खिशात टाकलं.

“लवकर उठलात, सर,” वाटाड्या म्हणाला.

“ब्रेक जरा बघत होतो.” मग आवाज खाली आणून तो म्हणाला, “तिला सांगू नका हं, मी इथे होतो ते.”

आता नुसते ब्रेक बघणारा माणूस असं कशाला सांगेल? वाटाड्याने मान डोलावली आणि तो बाहेर पडला, पण त्याच्या डोक्यातला किडा वळवळायला लागला.

हा किडा खरं तर कालचा. नवरा-बायको दोघं पन्नाशीचे, सायकली स्वतःच्या, दोन्ही एकाच मापाच्या. तीन दिवसांची खोऱ्यातली फेरी. विझलेल्या ज्वालामुखीला वळसा घालत खडीच्या रस्त्याने वर चढायचं, आणि शेवटच्या दिवशी राखेच्या काळ्या उतारावरून अकरा वळणं घेत नदीवर. बाई बोलक्या, हसऱ्या. उतार दिसला की सुसाट सुटायच्या आणि वळण आलं की करकचून ब्रेक दाबायच्या. नवरा घुम्या. पण काल संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर त्याला एकदम वाचा फुटली. उद्याच्या उताराला कठडा आहे का? फोन कुठपर्यंत लागतो? कोणी पडलंच तर अँब्युलन्स यायला किती वेळ? आणि सायकलचं दुकान किती लांब? दुकान दिवसभराच्या अंतरावर आहे म्हटल्यावर त्याचे प्रश्न तिथेच संपले. बरोबरच आहे, वाटाड्याला वाटलं, सायकल तपासणारं कोणी जवळ नको असेल.

त्यात बाईंनीच आणखी भर घातली होती. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, म्हणे, पण हे कधी माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत फिरायला आले नाहीत. यंदा काय झालं कोण जाणे, स्वतःहून दोन सायकली घेऊन आले. त्या कौतुकाने सांगत होत्या. वाटाड्या मात्र मनात एकेक पुरावा मोजत होता.

मुक्कामाची जागा त्याची थोरली बहीण चालवायची. ती स्वयंपाकघरात अंडी उकडत होती. त्याने शेडमधला प्रकार सांगितला तर तिने वर बघितलंही नाही.

“तू पोलिसात जायचास, चुकून सायकलवर बसलास. मागच्या वर्षी त्या बिचाऱ्या दगड गोळा करणाऱ्या प्रोफेसरला चोर ठरवलं होतंस.”

“ताई, हे वेगळं आहे.”

“मग त्यालाच विचार ना सरळ.”

“विचारून कोण खरं सांगतं?” तो म्हणाला आणि चहाचे कप घेऊन बाहेर गेला.

नाश्त्याला नवऱ्याने जाहीर केलं की त्याचा गुडघा धरलाय, उतार तो सायकल हातात धरून चालत उतरणार. बायकोला म्हणाला, तू हो पुढे, नदीवर भेटू. बाईंनी त्याची यथेच्छ टर उडवली. वाटाड्याला चहाचा ठसका लागला. कालचा अख्खा चढ हा माणूस हूं की चूं न करता चढला होता, आणि गुडघा नेमका आज धरला.

उतार सुरू होतो त्या कड्यावर पोचेपर्यंत नऊ वाजले. तिघं टेकले, पाणी प्यायले. नवरा आडोशाला गेला आणि वाटाड्याने संधी साधली. बाईंच्या सायकलचा ब्रेक त्याने दाबून बघितला. हाताला घट्ट लागला. पण त्याने काय होतंय? ढिला केलेला स्क्रू जागेवर कळत नाही, तो तिसऱ्या-चौथ्या वळणावर कळतो, आणि तिथे खाली शंभर हात नुसता काळा दगड. तुमचा नवरा तुमच्या जिवावर उठलाय, हे एका हसऱ्या बाईला सांगायचं तरी कसं?

“मॅडम, तुमच्या सायकलचा आवाज मला बरा वाटत नाही,” तो म्हणाला. “सरांची घ्या. ते काय, चालतच येणार आहेत.”

बाईंना काहीच अडचण नव्हती. सीटसुद्धा तेवढ्याच उंचीवर होती. फक्त त्यांना विचारायला नको का, असं त्या म्हणाल्या, तर तो म्हणाला, मी सांगतो, तुम्ही निघा.

उतारावर सगळ्यांच्या पुढे राहणं हे त्याचं काम. इतक्या वर्षांत त्याने ते कधी चुकवलं नव्हतं. पण त्या माणसाचा चेहरा बघण्याचा मोह त्याला आवरला नाही. बाईंचं लाल जॅकेट पहिल्या वळणाआड गेलं आणि त्याने सुटकेचा निःश्वास टाकला. एक जीव वाचवला आपण. ताईला आज संध्याकाळी तोंड वर करून सांगता येईल.

नवरा पँट झटकत परत आला. एकच सायकल उभी होती, बायकोची. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. वाटाड्याने तो अगदी डोळे भरून बघितला.

“मॅडम तुमची घेऊन पुढे गेल्या,” तो सावकाश म्हणाला. “तुम्ही ही घ्या. हिचे ब्रेक तुम्ही स्वतःच बघितलेत ना सकाळी?”

नवरा धडपडत कड्याच्या टोकाशी गेला. त्याने बायकोला हाक मारली. मग तो वळला.

“तिचे ब्रेकचे पॅड पार झिजले होते हो,” तो म्हणाला. “म्हणून सकाळी माझे काढून तिला बसवले. माझ्या सायकलला ब्रेकच नाहीयेत.”