खिशापुरतं कापड

इस्त्री उचलली तेव्हा सदऱ्याचा खिसा तिच्या बुडाला चिकटूनच वर आला. टाचणीकाकूंच्या तोंडचं पाणी पळालं. खिशात चकचकीत कागदात गुंडाळलेली एक गोळी राहिली होती. ती कागदासकट वितळली आणि तळहाताएवढं भोक पाडून मोकळी झाली.

आता बघा, काकूंना गोधड्या शिवायला लागून तीस वर्षं झाली. ओठांत सदानकदा टाचण्या, म्हणून गल्लीनं ठेवलेलं हे नाव. शिकायला येणाऱ्या बायकांना त्या पहिल्याच दिवशी बजावत, "इस्त्री फिरवायच्या आधी खिसे तपासायचे. मला दोनदा सांगायला लावू नका." आणि आज स्वतःच विसरल्या.

एरवी असल्या भोकांना त्या भीक घालत नसत. शाई सांडली तर डागाचा चंद्र करायचा, उंदरानं कुरतडलं तर तिथं पान लावायचं. बायका तोंड पाडून यायच्या आणि गोधडी मिरवत जायच्या. पण खिशावर पान लावून काय करणार? इथं खिसाच हवा होता.

सदरा वाचनालयातल्या बाईंनी आणलेला. आठ सदरे त्यांनी पिशवीतून काढून मेजावर ठेवले, तेव्हा त्यांची मान खालीच होती.

"लेक दोन वर्षांची होती तेव्हा आमचे हे वारले. आता सहा वर्षांची आहे, बाबांचं काहीतरी दे म्हणून सारखी मागे लागते. एवढंच आहे माझ्याकडे," त्या म्हणाल्या होत्या. "हा निळ्या चौकटींचा मधोमध घ्या. खिसा तसाच ठेवा, म्हणजे तिला आत हात घालता येईल."

आठही सदरे उसवताना काकूंचा जीव कालवला होता. एकाची कॉलर सोळाची, दुसऱ्याची जेमतेम चौदाची. दुखण्यात माणूस किती वाळत जातो, ते त्यांनी आपल्याच घरात पाहिलं होतं.

आणि आता ही गोळी. बापानं लेकीसाठीच ठेवलेली असणार, द्यायची राहून गेली. काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वाचनालय दोन गल्ल्या सोडून होतं. काकूंनी चपला घातल्या, दारापर्यंत गेल्या, पुन्हा काढून ठेवल्या. सांगायचं तरी कुठल्या तोंडानं? सगळ्या गल्लीला शहाणपण शिकवणारी बाई, आणि एका पोरीचा बाप जाळून बसली. दोन दिवस त्या खिडकी लावूनच शिवत बसल्या. कोणी हाक मारली की बरं नाही म्हणायच्या, आणि ते काही खोटं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःची पेटी उघडली. नवऱ्याचे बाकीचे सदरे केव्हाच गोधड्यांत गेले होते. हा एक आकाशी रंगाचा तेवढा अकरा वर्षं जपलेला. दुपारी आडवं होताना त्या तो अंगावर घेत, आणि हे कोणाला ठाऊक नव्हतं. काकूंनी त्याला कात्री लावली आणि खिसा भोवतालच्या कापडासकट कापून घेतला.

जळका भाग त्यांनी गोल कातरला, खालून खिशाचा आकाशी तुकडा लावला, कडा आत मुडपली आणि भोवती धावदोऱ्याची वर्तुळं घातली, एकाबाहेर एक. काम इतकं देखणं उतरलं की मुळात तसंच ठरलं होतं असं वाटावं. काकूंना मात्र त्याच्याकडे बघवेना.

रविवारी मायलेकी आल्या. पोरगी चिमणीएवढी, पण पायांना चाकं लावलेली. गोधडी मेजावर पसरताच ती तिच्यावर चढून बसली आणि थेट खिशात हात घातला.

"बाबांचा हात मावायचा यात?"

"हो," आई खिडकीबाहेर बघत म्हणाली.

पोरीनं खिशाला गाल लावला. "बाबांचा वास येतोय."

बाईंनी गोधडीवरून हात फिरवला. चौकटींच्या जागी साधं आकाशी कापड आलंय, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. "छान झालीय हो, काकू," एवढंच म्हणाल्या. डोळे भरले असतील, दिसत नसेल, असं काकूंना वाटलं. बाई बोलल्या असत्या, भांडल्या असत्या, तर परवडलं असतं.

"चिमणे, बाहेरच्या खोलीत बटणांचा डबा आहे. जा, हवी तेवढी घे," काकू म्हणाल्या. पोरगी धावली.

मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. इस्त्री, गोळी, भोक, पेटी. नजर जमिनीवरून हलली नाही. "तुमच्या माणसाचा खिसा मी जाळला. हा माझ्या माणसाचा आहे. तुम्हाला फसवलं, त्या लेकराला फसवलं. मला लाज वाटते."

बाई स्टुलावर बसल्या. "तुमच्याकडे त्यांचे अजून सदरे असतील ना?"

"नाही. हा शेवटचा होता."

बाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलायला लागले.

"रागवा मला, पण बोला काहीतरी," काकू म्हणाल्या.

बाई उठल्या. बाहेरच्या खोलीचं दार त्यांनी हळूच लोटून घेतलं आणि तिथंच पाठ टेकून उभ्या राहिल्या.

"तो जिवंत आहे, काकू. दुसऱ्या गावात दुसरं घर मांडून बसलाय. जाताना रुमालसुद्धा मागे ठेवला नाही. हे आठही सदरे मी जुन्या बाजारातून उचलून आणलेत."