सपाट दगड

थडग्याच्या दारावरच्या कोरीव लेखावर ओला कागद ठोकून धाकट्या भावानं घेतलेला ठसा तिच्या टेबलावर केव्हाच वाळला होता. लिशियन या प्राचीन भाषेतल्या ओळीचा अर्थ तिला लागला होता: ‘हे दार उघडेल त्याला...’ शेवटचा शब्द मात्र कुठल्याच कोशात नव्हता.

“ताई, ‘बक्षीस’ लिहून टाक,” भाऊ फोनवर म्हणाला. “माणसं पहारी घेऊन खोळंबलीत.”

तिनं कागदावरून बोट फिरवलं. बाकीची अक्षरं खोल दबलेली होती. तो शब्द तेवढा वर आला होता, जणू कुणी दगडाच्या आतून ढकलला होता.

“शेवटचा शब्द चाचपून बघ.”

“तिथं दगड सपाट आहे गं. काहीच कोरलेलं नाही. करा रे सुरू!”

“थांब!”

पहारीचा पहिला घाव ऐकू आला, आणि तिच्या बोटाखाली त्या शब्दाला पुढचं अक्षर फुटलं.