वस्तादांची पसंती

"घ्या वस्ताद, तुम्हीच सांगा," म्हणत दुकानदाराने ग्लासात दोन घोट रेड वाइन ओतली आणि ग्लास काउंटरवरून पुढे सरकवला.

वस्तादांनी ग्लास उचलला, गोल फिरवला, नाकापाशी नेला. काही नाही. पाणी हुंगावं तसं. आठ महिन्यांपूर्वी त्यांना ताप आला होता. ताप चार दिवसांत गेला, पण जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले होते, येईल परत, नाहीतर नाही येणार. एवढं तर वस्तादांनाही कळत होतं.

एकतीस वर्षं त्यांनी एकाच रेस्टॉरंटचं स्वयंपाकघर सांभाळलं होतं. आचाऱ्याची जीभ गेली हे बाहेर फुटलं असतं तर नोकरी गेली असतीच. पण नोकरीचं एवढं नव्हतं. हाताला चव असलेला माणूस म्हणून ते जगले होते. दुसरं काही म्हणून कसं जगायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं.

ही गोष्ट एकट्या चिमटीला माहीत होती. चिमटी त्यांची मदतनीस. अकरा वर्षांपूर्वी कामाला लागली तेव्हा मीठ घालताना चिमट्या मोजत बसायची, म्हणून वस्तादांनीच ठेवलेलं नाव. आता तीच त्यांची जीभ होती. दुपारी संध्याकाळच्या गिऱ्हाइकांसाठी सूप आणि सॉस तयार झाले की वस्ताद पळी तिच्यापुढे धरत. "मीठ?" "बरोबर." "आंबटपणा?" "बेताचा."

सुरुवातीला असं नव्हतं. तेव्हा ती खरी खोड काढायची. मीठ जास्त झालंय म्हणायची, कांदा करपलाय म्हणायची. एका दुपारी वस्तादांनी तीनदा नव्याने सूप केलं आणि चौथ्यांदा कांदा चिरायला घेता घेता फरशीवर बसून ढसाढसा रडले. त्यानंतर मात्र हात वळणावर आला. चिमटीला पुन्हा कधी काही सांगावं लागलं नाही. नाक गेलं, जीभ गेली, पण हात विसरत नाही, अशी वस्तादांची खात्री पटत चालली होती. कालच मालकीणबाई म्हणाल्या, "गिऱ्हाइकं म्हणतात, हल्ली सूप पूर्वीपेक्षाही छान होतं." ते ऐकून वस्ताद रात्रभर खुशीत होते. सकाळ होताच त्यांनी हे दुकान गाठलं. चिमटीचे आभार मानायचे होते, आणि तेही स्वतः निवडलेल्या बाटलीने.

दुकानदार वाट पाहत होता. वाइन पारखायला तो वस्तादांकडूनच शिकला होता. लेबल बघून बाटली उचलणाऱ्यांची दोघांनी मिळून यथेच्छ टिंगल केली होती. आता 'तूच दे बाबा एखादी' म्हणायची सोय नव्हती. वस्तादांनी घोट घेतला, तोंडात घोळवला, डोळे मिटले. हे नाटक एव्हाना अंगवळणी पडलं होतं. घशाला जरा झोंबलं. रेड वाइन झोंबायचीच, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

"उत्तम," ते म्हणाले. "हिचीच एक बंद बाटली बांधून दे."

दुकानदार घुटमळला. "मला जरा शंका होती या मालाची. पण तुम्ही म्हणताय म्हणजे प्रश्नच मिटला."

वस्तादांना घाम फुटला. पण शब्द मागे घ्यायचा तर कारण द्यावं लागलं असतं. त्यांनी बाटली काखेत मारली आणि बाहेर पडले.

दुपारी सूप गॅसवर चढवून त्यांनी बाटली चिमटीच्या हातात दिली. "तुझ्यामुळे उभा आहे मी," ते म्हणाले. चिमटीचे डोळे भरून आले. तिने लगेच बूच काढलं, दोन ग्लास भरले. आपला ग्लास त्यांनी शिकवल्याप्रमाणे आधी नाकाशी नेला. क्षणभर थांबली. मग प्यायली.

"कशी आहे?"

"सुरेख!" चिमटी म्हणाली आणि उरलेली वाइन एका दमात संपवली. वस्तादांच्या छातीवरचं ओझं उतरलं. आपल्याला अजून निवडता येतं म्हणायचं! त्यांना त्या आनंदात स्वतःचा ग्लास उचलायचंही सुचलं नाही.

भांडी घासणाऱ्या मावशी मागच्या अंगणातून आत आल्या. ओट्यावरचा भरलेला ग्लास पाहून त्यांनी इकडेतिकडे न बघता एक घोट घेतला आणि तसाच मोरीत थुंकला.

"अगंबाई! व्हिनेगर कुणी ओतलं गं ग्लासात?"

"मावशी!" चिमटी ओरडली. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

वस्तादांनी मावशींकडे पाहिलं, मग चिमटीच्या रिकाम्या ग्लासाकडे. मग ते गॅसपाशी गेले. पळी सुपात बुडवली आणि तिच्यापुढे धरली.

"मीठ?"

"बरोबर," चिमटी म्हणाली. तिने चाखलंही नव्हतं.

"खरं सांग."

ती रडू लागली.

"मग गिऱ्हाइकं तारीफ करतात ती कशाची?"

"तुम्ही साडेपाचला घरी गेलात की मी पुन्हा सगळं नव्याने करते, वस्ताद. तुम्ही रडलात ना, त्या दिवसापासून."

"आणि मी केलेलं?"

उत्तर मावशींनी दिलं, हात पदराला पुसत, अगदी हळू आवाजात.

"ते मी ओतून देते, वस्ताद. रोज."