वेदीची द्राक्षवेल

रविवारची मिस्सा आटोपली की भुईगावच्या रोझमेरीच्या ओटीवर क्रोशाच्या सुया घेऊन बायका जमायच्या. कुणी शेजारच्या, कुणी थेट नालासोपाऱ्याच्या फ्लॅटमधल्या. आज तिनं सासूची द्राक्षवेल शिकवायला काढली होती. चर्चच्या वेदीवरच्या कापडाला वर्षानुवर्षं तीच झालर, आणि तिचे टाके फक्त याच घरात ठाऊक.

माहेरी आलेली नणंद सेलीन ते बघून पायरीवरच थबकली.

"वहिनी, आईची वेल घराबाहेर जाता कामा नये."

सगळ्यांचे हात थांबले.

"तुम्ही विणा गं," रोझमेरी म्हणाली. "पाच साखळ्या, मग तीन खांब."

"आई असती तर तुझ्या हातातली सुई काढून घेतली असती."

"घेतली असती. घराबाहेर जाऊ नये म्हणूनच तर त्यांनी सुनेला शिकवली. लेक काय, परक्या घरी जायची. तू जवळ आलीस की त्या विणकाम पदराखाली झाकायच्या, विसरलीस?"



रोझमेरीनं सतरंजीवर जागा केली आणि जादाची सुई तिच्यापुढे धरली.

"बस इथं. पहिल्या टाक्यापासून दाखवते."