उलटं फूल

"शाल सुरेख झालीय, मुबारकभाई, पण आम्हाला हवी ती ही नाही." संग्रहालयाच्या मेघाताईंनी मुबारकच्या घरी, मागापाशी उभं राहून नमुना उलगडून पुन्हा पुन्हा बघितला. "ते उलटं फूल कुठंय?"

मुबारकचा चेहरा पडला. संग्रहालयात काचेमागं मांडलेली हिमरू शाल त्याच्या अब्बांनी विणलेली. सगळी फुलं वर बघणारी, एकच काय ते खाली मान घातलेलं. वेरूळ बघून आलेले लोक त्याच फुलाचे फोटो काढतात आणि बाहेर येऊन तसलीच शाल मागतात. म्हणून संग्रहालयानं आपल्या दुकानासाठी पन्नास शाली सांगितल्या होत्या. पन्नास शाली म्हणजे शहागंजमागच्या त्याच्या गल्लीतले चार बंद माग पुन्हा खडखडणार. शेजारच्या झीशाननं तर आपल्या मागावर रचलेली भांडीकुंडी कालच खाली उतरवली होती.

"अब्बांची चूक हाय ती, मॅडम. बापाची चूक मी बाजारात मांडू? माझ्याच्यानं नाय व्हायचं."

बोलून तर गेला, पण झीशानची खाली उतरवलेली भांडीकुंडी आठवली.

"मग मला दुसरं कुणी बघावं लागेल," मेघाताई म्हणाल्या आणि नाइलाजानं शालीची घडी घालू लागल्या.

कोपऱ्यात मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसलेली त्याची अम्मी, जैतुनबी, खुदकन हसली.

"चूक कशाची रे, येड्या? तुझे अब्बा ह्याच मागावर बसले व्हते. मी आतल्या खोलीत. सुईण दारातून ओरडली, 'मुबारक हो, बेटा हुआ!' अन् त्या खुशीत ह्यांनी फूल घातलं उलटं. नंतर मी म्हणलं, उसवा. ऐकलं नाय. म्हणले, राहू दे, माझ्या पोराचं फूल हाय ते."

मुबारक तिच्याकडं वळला. "आजवर सांगितलं का नाय, अम्मी?"

"तू इचारलं कवा?"

तो मागावर जाऊन बसला. मेघाताईंनीही स्टूल ओढलं. फूल सरळच आलं. उसवलं, पुन्हा घेतलं, पुन्हा सरळ. तीस वर्षांची सवय, हात चुकायला तयारच होईना. त्याला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते.

जैतुनबीनं हातातली कांडी खाली ठेवली.

"थांब," ती म्हणाली, "मी ओरडते."