समोरची गॅलरी

"मान हलवू नकोस गं सारखी," लीलाताई ओठ न हलवता म्हणाली. "तिकडनं बघणाऱ्याला वाटेल, नको नको म्हणालीस."

नंदिनीनं मान थांबवली. आता टेनिसला यायचं आणि बॉलकडे बघायचं नाही, तर बघायचं तरी कशाकडे? तिनं समोर बघितलं. कोर्टापलीकडच्या गॅलरीत, अगदी तोंडासमोर, पुण्याचं स्थळ बसलं होतं.

मुलाला पोह्यांचा कार्यक्रम मान्य नव्हता म्हणे. मुलगी म्हणजे काय मंडईतली भाजी आहे का, असं तो म्हणाला होता. ते ऐकून नंदिनीचे वडील दोन दिवस खूश होते. मग ठरलं की, नाहीतरी देशभरातले नावाजलेले खेळाडू कोल्हापुरात आलेत, मुलगा टेनिसचा वेडा, तो मॅचला येणारच, तर मुलीनं सहज समोर येऊन बसावं. सहज म्हणजे कसं, तर मोरपंखी साडी, दुसरी रांग, नेटच्या रेषेतली खुर्ची. मध्यस्थ दत्तोपंतांनी तसं कागदावर लिहूनच आणलं होतं.

हे दहावं स्थळ. हेही फिसकटलं, तर मलकापूरच्या दोन मुलांच्या बिजवराला होकार कळवायचा, असं वडिलांनी सांगून टाकलं होतं. नंदिनी हो म्हणाली होती. पहिल्या दोन नकारांना ती रडली, पुढच्या तिघांवर चिडली, नंतर काही वाटेनासंच झालं. आज दुपारी साडीला पिना लावताना ताईच्या हातून एक पीन तिच्या खांद्यात घुसली, ती तिला रिक्षात बसल्यावर कळली.

बॉल इकडून तिकडे, तिकडून इकडे चालला होता. समोरची दोन-तीनशे डोकी त्याच्याबरोबर डावीकडे-उजवीकडे होत होती. नाही, नाही, नाही. एरवी तिला खुदकन हसू आलं असतं. आधीच्या नऊ जणांनी निदान पत्रानं कळवलं होतं.

"घाल की खाली त्याला!" शेजारचा शेंगा खाणारा गडी ओरडला. खुर्चीवरच्या अंपायरनं शांतता राखायला सांगितलं. गडी लीलाताईकडे वळून कुरकुरला, "बोलायचंबी न्हाय? मग घरातच बसलो असतो की, ताई."

तेवढ्यात नंदिनीला दिसलं, समोरच्या हलणाऱ्या डोक्यांत एक डोकं हलत नव्हतं. जांभळं पातळ, जाड चष्मा. मुलाची आई, माई. त्या तिला केसांपासून चपलांपर्यंत बघत होत्या आणि पुन्हा वर येत होत्या. घाई नव्हती त्यांना काही.

त्यांच्या शेजारी मुलगा. यज्ञेश्वर. पांढरा बुशशर्ट, गुडघ्यांवर कोपरं. चेहरा चांगला होता. बॉल नेटवरून जाई, तेव्हा दर खेपेला त्याची नजर नंदिनीवरून पलीकडे जाई. थांबली मात्र एकदाही नाही. नंदिनीनं पहिला सेट संपेपर्यंत वाट बघितली. मग ती वाट बघायचीही विसरली.

दुसऱ्या सेटमध्ये एका खेळाडूचा फटका चुकला. बॉल कठड्याला आपटून उडाला, पहिल्या रांगेवरून आला आणि नंदिनीच्या पायाशी येऊन थांबला. ती वाकली आणि तिनं तो उचलला. कोमट होता, खरखरीत.

मान वर केली तर सगळं मैदान तिच्याकडे बघत होतं. खेळाडू, अंपायर, समोरची अख्खी गॅलरी. आणि तोही. सरळ तिच्याकडे तोंड करून, डोळे न हलवता. तिच्या छातीत एकदम धडधडलं. इतक्या दिवसांनी धडधडलं, म्हणून तिचं तिलाच नवल वाटलं. तिनं बॉल जरा जास्तच वेळ हातात धरला.

"दे की टाकून," ताई कुजबुजली.

नंदिनीनं बॉल टाकला. त्याची नजर बॉलबरोबर खाली उतरली, कोर्टावर दोन टप्पे गेली आणि खेळाडूच्या रॅकेटपाशी जाऊन थांबली. धडधड थांबली. खांद्यातही काही दुखत नव्हतं.

खेळाडू बाजू बदलताना पाणी प्यायला बसले, तसे दत्तोपंत अख्ख्या कोर्टाला वळसा घालून धापा टाकत आले.

"जमलं बघा, लीलाताई. पसंत आहे."

लीलाताईनं नंदिनीचा हात घट्ट धरला. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "सुटलो गं बाई," ती म्हणाली.

"कुणाला?" नंदिनीनं विचारलं.

"कुणाला म्हणजे? माईंना की. चेंडू कसा बेतानं टाकला म्हणाल्या, पोरीच्या हाताला वळण आहे. मला म्हणाल्या, साखर वाटा."

"आणि त्यांना?"

दत्तोपंतांनी टोपी काढून कपाळ पुसलं. पलीकडे बघितलं. पुन्हा टोपी घातली.

"त्याला होय? त्याला विचारायचं राहिलंच की. थांब, आत्ता जाऊन विचारून येतो."

खेळाडू उठून कोर्टावर यायला लागले होते. समोर यज्ञेश्वर पुढं सरकून बसला.

"नको," नंदिनी म्हणाली. "बसा तुम्ही. मॅच बुडेल त्यांची."